बर्फातली नळी आणि टेबलावरची नळी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टरमंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई, आणि समोरच्या बंधुभगिनींनो,

कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाच्या हाती माइक देणं धोक्याचं. दिलाच आहे, तर ऐका.

"बर्फ आधी, सुई नंतर," हा बाईंचा नियम, म्हणजे आधी बर्फ तयार ठेवायचा, मग रक्त काढून नळी लगेच त्यात ठेवायची. सोमवारपासून तो बंद, वेळ जातो, अशी बाईंच्या जागी येणाऱ्या नव्या साहेबांची सूचना फळ्यावर लागली आहे. मलाही एकेकाळी ते चोचलेच वाटायचे. गेल्या वर्षी एका ताईंची हार्मोन तपासायच्या रक्ताची नळी मी टेबलावरच सोडली आणि एक्स-रे विभागाच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो. का, ते तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या व्यक्तीला ठाऊक आहे. तीन तास! ती आलीच नाही.

आकडा फारच कमी आला. मी सिस्टरांवर डाफरलो, "तुम्हीच नमुना उशिरा पाठवलात!" बाई एवढंच म्हणाल्या, "बाही वर कर."

माझंच रक्त, दोन नळ्या. एक बर्फात, एक टेबलावर. तीन तासांनी बर्फातल्या नळीत आकडा बेचाळीस, टेबलावरच्या नळीत सत्तावीस. माणूस तोच!

"अरे, पांढऱ्या पेशी आपल्या राखणदार," बाई म्हणाल्या. "जंतू कापायला त्यांच्याकडे एन्झाइमांच्या कात्र्या असतात. नळीत पेशी फुटल्या की कात्र्या मोकाट. हा हार्मोन म्हणजे इवलीशी माळ, तीही कापतात. थंडीत मात्र त्यांचा हात चालत नाही." मग चष्म्यावरून बघत, "तुझंही तसंच. डोकं थंड, तर काम धड."

"मग आता?"

"ताईंना फोन कर. चूक कोणाची, तेही तूच सांग."

त्या आकड्यावर त्यांना जन्मभराच्या गोळ्या सुरू होणार होत्या, मंडळी! फोनवर मी चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "उद्या येते. पण सुई तूच टोच. आता तू विसरायचा नाहीस." मी बर्फ घेऊन दारातच उभा होतो. आकडा अगदी ठणठणीत निघाला.

साहेब, आपला मान राखून सांगतो, बर्फ बंद होणार नाही. बाई, सोडलेल्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा फॉर्म मी काल भरला. उद्या कोणी "बर्फ कशाला?" विचारलं, तर सांगायला तुम्ही नसाल. मला सांगता आलं पाहिजे.

तिसऱ्या रांगेला विनंती, यायचं असेल तर कळवा. नळी बर्फात ठेवूनच जिन्यात येईन.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घाला. बर्फाचं तेवढं सोडून. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.