हिरवी पाटी आणि हेमांगीचा फोन

बसलात ना नीट, मंडळी? मागं भिंतीपाशी ऐकू येतंय? मग आज एकच विचारतो. हातून चूक झाली — माणूस आहे, होणारच! — तर ती आधी निस्तरावी, की आधी सांगावी?

हां! पुढचे आजोबा मिशीतल्या मिशीत हसतायत. म्हणतायत, ‘बुवा, गुपचूप निस्तरावी, बोंब कशाला?’ आजोबा, तुमचं चूक नाही. सगळं जग असंच वागतं! दूध उतू गेलं की सून आधी ओटा पुसते आणि मग हाक मारते, ‘सासूबाई, चहा घेणार?’ हसू नका, हसू नका! तिथवर ठीकच आहे. पण ऐका —

कोकणच्या किनाऱ्यावर माडवली नावाचं एक बंदर. निळी खाडी, माडांची रांग, आणि सकाळी असं धुकं, की होडी पाण्यावर आहे का ढगावर, कळू नये! तिथं मच्छीमारांची सोसायटी. त्या सोसायटीनं आसपासच्या सगळ्या धक्क्यांवर दिव्यांच्या मोठ्या पाट्या लावलेल्या. समुद्र शांत असला की पाटी हिरवी, वादळ यायचं असलं की लाल. प्रत्येक पाटीच्या पोटात एक छोटा संगणक, आणि या सगळ्या छोट्यांना एका चालीत ठेवणारा एक मोठा संगणक सोसायटीच्या कचेरीत. त्याला म्हणायचं सर्व्हर. आता ‘बुवा, सर्व्हर म्हणजे काय’ विचाराल, तर हे आमचे झांजवाले बघा! हे एक ठोका चुकले की मागचे सगळे चुकतात. तसाच तो!

हा सर्व्हर सांभाळायची हेमांगी चोगले. कोळ्याचीच लेक. शहरात शिकली, चांगली नोकरी केली, आणि परत आली. का? तर म्हणाली, ‘माझ्या माणसांना वाऱ्याची वर्दी वेळेवर मिळू दे.’ गावोगाव हिंडली हो पोर! म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, आभाळाकडं बोट दाखवायचे. महादू तांडेल तर तोंडावर म्हणाला, “बाय, जल्म गेला दर्यावर. आता या पाटीचं ऐकू?”

ती म्हणाली, “तात्या, माझ्यासाठी ऐका.”

आणि ऐकायला लागले! माणसं पाटीवर नाही हो विश्वास ठेवत, मंडळी. पाटीमागच्या माणसावर ठेवतात.

एके दिवशी सकाळी हेमांगीनं सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवायला घेतली. जुनी थकली होती. आता आपलं मोबाइलवर होतं तसंच — गोल गोल फिरतं, आपण बघत बसतो. फिरत होतं… फिरत होतं… आणि अर्ध्यात थांबलं! ना जुनं उरलं, ना नवं आलं. पडद्यावर तांबड्या अक्षरांची रांगच्या रांग.

तिनं काय केलं? शेवटची ओळ वाचली. आपण सगळे तेच करतो! त्या ओळीत होतं, ‘ओळख तपासता आली नाही.’ झालं! हिला वाटलं, सर्व्हरची ओळखच बिघडली. त्या सर्व्हरकडं एक गुप्त खूण असते बरं का. ती बघूनच पाट्या त्याचं ऐकतात. हिनं घाईघाईत जुनी खूण पुसली आणि नवी कोरी तयार केली. आता पाट्यांनी काय करावं? पाट्या म्हणाल्या, ‘तू कोण बाबा? तुला ओळखत नाही!’ आणि जिथल्या तिथं थिजल्या. कुठल्या रंगावर? हिरव्या! प्रत्येक धक्क्यावर तेच — ‘समुद्र शांत आहे. होड्या नेण्यास हरकत नाही.’

आणि तेवढ्यात हवामान खात्याचा निरोप आला. उन्हं कलायच्या आत मोठा वारा!

खिडकीतून तिनं बाहेर पाहिलं. समुद्र कसा होता म्हणता? झोपेत हसणाऱ्या बाळासारखा! एक लाट नाही. उन्हाची साय पाण्यावर धरलेली. लांब क्षितिजाशी पाणी आणि आभाळ एकमेकांत विरघळलेलं. अशा समुद्राकडं बघून कुणाला वाटावं की याच्या पोटात वारा आहे? आणि दुपारच्या भरतीला होड्या निघायच्या होत्या.

हेमांगी धावली ती चेअरमन नारायण नाखव्यांकडं. सगळं सांगितलं. नाखवा माणूस वाईट नाही हो! पाट्यांसाठी त्यांनी किती उंबरे झिजवले होते. ते म्हणाले, “हेमा, भरतीला अजून वेळ आहे ना? मग नीट कर. पण कुणाला बोलू नको.”

“पण काका, पाट्या हिरव्या आहेत!”

“म्हणून तर बोलू नको! एकदा का कळलं की पाटी खोटं बोलते, जन्मात कुणी वर बघणार नाही तिच्याकडं. तुझी इतकी मेहनत पाण्यात. पोरी, आधी निस्तर, मग बघू.”

आता सांगा, त्यांचं काय चुकलं? तुमच्या-माझ्या घरात हाच सल्ला देतात की नाही?

हेमांगी परत येऊन बसली. एक उपाय केला, तो अंगाशी आला. दुसरा केला, त्यानं पहिल्याची गाठ आवळली. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत होती आणि अर्थ डोक्यात शिरत नव्हता. यंत्राचा पंखा घुंऽऽ घुंऽऽ करत होता. शंख कानाला लावला की गाज येते ना, तसा! त्या आवाजात तिचे डोळे जड झाले. झोप नव्हे, जागही नव्हे. आणि त्या तंद्रीत तिला दिसलं… सगळा किनारा दिसला! पाण्यावरून चालत गेल्यासारखी ती एकेका धक्क्यापुढून चालली होती, आणि प्रत्येक धक्क्यावर पाटीच्या जागी तीच उभी! हिरवं लुगडं नेसून, समुद्राकडं तोंड करून, हसत म्हणत होती, “जा, तात्या, जा. समुद्र शांत आहे.” आणि होड्या सरकत होत्या, आवाज न करता, धुक्यात…

दचकून उठली! मंडळी, तिला कळलं. इथं बसून ती चूक दुरुस्त करत नव्हती. इथं बसून, क्षणाक्षणाला, प्रत्येक धक्क्यावर नव्यानं खोटं बोलत होती!

आमचं आपलं एक ओबडधोबड वचन आहे —

चूक पदराखाली । झाकिता वाढली ।
उन्हात ठेविली । वाळोनि गेली ॥

तिनं फोन उचलला. पहिला लावला शेजारच्या धक्क्यावरच्या इंदूमावशीला. मावशीचा आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता!

“मावशी, होड्या थांबवा. वारा येतोय!”

“वारा? पाटी तर हिरवीगार हाय, बाय!”

हेमांगीला सांगता आलं असतं, ‘कंपनीनं माल खराब दिला.’ सांगता आलं असतं, ‘लाईट गेली.’ कोण तपासणार होतं? पण ती म्हणाली, “मावशी, पाटी खोटं बोलतेय. माझ्या हातून चूक झालीय. पाटीवर जुनं शीड टाका, झाकून टाका तिला! आणि भोंगा वाजवा!”

मावशी म्हणाली, “टाकते. रडू नको. दुसऱ्यांना लाव फोन!”

धक्क्यामागून धक्का, हेमांगी तेच बोलत गेली — चूक माझी, पाटी झाका. कुणी शिवी दिली, कुणी नुसता फोन आपटला. पण किनाऱ्यावर एकेक पाटी शिडाखाली गेली आणि भोंगे बोलायला लागले. निघणाऱ्या होड्या थांबल्या. महादू तांडेल मात्र भरती लागताच निघून खाडीचं तोंड ओलांडून गेला होता! त्याच्या कानावर भोंगा विरत विरत आला. त्यानं हिरव्या पाटीकडं वळून पाहिलं, तर तिथं मळकं शीड! म्हातारा काय समजायचं ते समजला. होडी फिरवली.

आणि कचेरीत? सांगून झालं, तशी हेमांगी पुन्हा यंत्रापुढं बसली. लपवायला काही उरलंच नाही, मग भीती राहणार कुठं? तिनं ती तांबडी रांग पुन्हा काढली. या खेपेला शेवटून नाही, पहिल्यापासून वाचली. पहिल्याच ओळीत होतं — ‘जागा शिल्लक नाही.’ बस्स! जुन्या नोंदींनी सर्व्हरचं पोट गच्च भरलं होतं. नव्याला पाय ठेवायला जागा नव्हती. ओळखीत काही बिघाड नव्हताच, तो हिनंच केला होता! तिनं नको त्या नोंदी काढल्या. काम सुरू करण्याआधी सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवली होती, तिच्यातून जुनी खूण परत आणली. मग नवी आवृत्ती चढवली. फिरलं… फिरलं… आणि लागलं!

शिडांखाली पाट्या लाल झाल्या, तेव्हा माड वाकायला लागले होते. महादूची होडी वाऱ्याच्या धक्क्यानंच खाडीत आली. एका बाजूची फळी फुटली, जाळं गेलं. माणसं मात्र पायांनी चालत घरी गेली.

पुढं सोसायटीची सभा भरली. नाखवा मान खाली घालून बसलेले. हेमांगी उभी राहिली, काय झालं ते सांगितलं आणि म्हणाली, “तुम्हाला पाट्या नको असतील, तर काढून टाकू.”

महादू तांडेल उठला. म्हणाला, “दर्या आजवर मना कितीदा फसवला. पन ‘आज मी फसवतोय’ असं कवा सांगितलं नाय त्यानं. ही बाय सांगते. पाटी राहू द्या.”

आणि खाली बसला! संपली सभा.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच शोधा. तुम्ही म्हणाल, बुवा, आमचा कुठं सर्व्हर? नाही ना! पण तुमच्या शब्दावर विसंबून कुणीतरी निघालेलं असतं की नाही? भाऊ असेल, लेक असेल. तुम्ही सांगितलं ‘सगळं ठीक आहे’, आणि तुम्हाला ठाऊक आहे की ठीक नाही. निस्तरू हो, सावकाश निस्तरू! पण तो निघालाय…

आरतीला पाच मिनिटं उशीर चालेल. देव काही रागावत नाही. ज्याला बाहेर जाऊन एक फोन करायचा असेल, त्यानं खुशाल उठावं. कुणी मागं वळून बघायचं नाही!

…अहो, पेटीवाले काका, तुम्ही?

जा, काका. जा. पेटीवाचूनही आरती होते.