बेथलेहेम ढाबा

हसू नका, पण आमच्या भाऊजींच्या ढाब्याचं नाव खरंच बेथलेहेम आहे. कोहमाऱ्याला सगळे ढाबे देवाच्या नाहीतर आईच्या नावाचे, म्हणून यांना काहीतरी वेगळं पाहिजे होतं. त्यांचा गोंदियाचा मित्र जोसेफ म्हणाला, "बेथलेहेम ठेव. येशूचं जन्मगाव. हिब्रू भाषेत बेथ म्हणजे घर अन् लेहेम म्हणजे रोटी. रोटीचं घर!"

भाऊजी खूश. पाटीवर मोठ्ठं नाव रंगवलं, अन् ट्रकवाल्यांसाठी खाली हिंदीत अर्थही टाकला.

उद्घाटनाच्या दिवशी पहिलाच ट्रक थांबला. ड्रायव्हरनं पाटी वाचली, हात धुतले, खाटेवर मांडी घातली अन् म्हणाला, "चार रोटी लगाओ, गरम."

भाऊजी म्हणाले, "रोटी तो नहीं है. भात है."

"बोर्ड पे तो रोटी का घर लिखा है!"

"वो तो नाम है ना, भाऊ."

ड्रायव्हर उठून चालता झाला. जोसेफनं कपाळावर हात मारला. "अबे, तंदूर काऊन नाही लावला?"

"कायले लावू?" भाऊजी भडकले. "आपल्याकडं रोटी कोन खाते? शुगरचे पेशंट! डॉक्टरनं भात बंद केला का मंग खातेत बिचारे."

"अरे, येशूच्या गावात सगळे रोटीच खायचे. अख्ख्या बायबलात भाताचं नाव नाही!"

भाऊजींचा राग एकदम उतरला. पाटीकडे बघत हळूच म्हणाले, "अरेरे. पुऱ्या गावालेच शुगर होती काय गा?"