रविवारी पाणथळीवर जाऊ नका

– नाही हो, पाणथळीवर रविवारी नका जाऊ, उगाच चिखल तुडवून परत याल. ही दुर्बीण धरा, चकती सावकाश फिरवा – समोरच्या टाकीवर कावळा बसलाय, त्याचा डोळा दिसला? मग हीच घ्या. आणि पक्षी बघायचे तर आधी ऋतू धरायचा, मग जागा. उन्हाळ्यात डबकी शोधायची – घसा कोरडा पडला की सगळे तिथेच येतात. पावसाळ्यात शहराबाहेरचं माळरान, तिथे चंडोल आणि सुगरणी. आणि आता थंडीत पाणी. म्हणजे एक धरण, नाहीतर कारखान्यामागची पाणथळ. तुम्ही धरणावर जा. सकाळी ऊन पाठीवर घेऊन बसा.

काय म्हणता, रविवारच्या सहलीवाल्या बाई म्हणाल्या पाणथळीवर चक्रवाक हमखास? हमखास! अहो, ती बाई माझी सख्खी धाकटी बहीण. हा ऋतू, ही जागा, सगळं माझ्या तोंडचं. मी दुकान बंद करून तिला हाताला धरून हिंडवलं. सहली दोघींनी मिळून काढायच्या असं ठरलं होतं – आता एकटी काढते. का म्हणजे? मीच तोंड बघत नाही तिचं.

गावाबाहेर जुनी दगडाची खाण आहे ना, तिथल्या कपारीत शृंगी घुबडाची जोडी होती. किती वर्षं बघत होते मी, लांबून, श्वास रोखून. कुणाला सांगितलं नाही – हिला सांगितलं. बहीण म्हणून. ही काय करते? कॅमेरेवाल्यांची अख्खी जत्रा घेऊन गेली कपारीपाशी, वर फ्लॅश! आई उडाली ती उडालीच. मी गेले तेव्हा दोन्ही पिल्लं कापसाच्या बोळ्यासारखी – गार. हिला सांगितलं तर म्हणते, “ताई, पक्षीच ते, पुढच्या वर्षी पुन्हा घालतील अंडी.” घातली? कपार अजून रिकामी आहे. आणि हिच्या दिवाणखान्यात त्या घुबडाचा फोटो, हा एवढा, सोनेरी चौकटीत!

तेव्हाच ठरवलं – हिला असं सोडायचं नाही. आता हिने जाहिरात केलीय, थंडीभर चक्रवाक दाखवणार. लांबून लोक येतात, गळ्यात माझ्याच दुकानातल्या दुर्बिणी, आणि समोर नुसतं पाणी! परवा फोन आला तिचा – इतक्या दिवसांनी – रडत होती. “ताई, पक्षी उतरतच नाहीत गं, लोक तोंडावर हसतात, काय झालं असेल?” मी म्हटलं, हवामान. फोन ठेवला आणि पोटभर जेवले.

हवामान कसलं! उजाडता उजाडता मी जाते ना पत्र्याचा डबा घेऊन. दोनदा बडवला की झालं, अख्खा थवा उठतो – आकाशात केशरी रंगाची नुसती उधळण! ही पोचते तेव्हा एक पीस नसतं पाण्यावर. थोडा वेळ घिरट्या घालतात बिचारे, ओरडतात, खाली यायला बघतात, मग मी पुन्हा – तर धरणावर जायचं तर वाट अशी –

असे काय बघताय? दमलेले असतात, माहीत आहे मला. कुठून कुठून डोंगर ओलांडून येतात, ते मला शिकवता? मला कळत नाही होय! मागच्या आठवड्यात एक उठलाच नाही. डबा बडवत अगदी जवळ गेले तरी मान टाकून पाण्यात बसलेला. त्याची मादी वर फिरत हाका मारत होती, खाली यायला भीत होती – मला. मी डबा खाली ठेवला हो. लगेच ठेवला. पण ती गेली ती...

काय म्हणालात?

नाही, पुन्हा म्हणा. फ्लॅश आणि डबा – एकच? तिने हौसेसाठी मारले, मी... तुम्हाला काय ठाऊक? दोन पिल्लं या ओंजळीत घेतली होती मी, या! तुम्ही आज पहिल्यांदा दुर्बीण हातात धरलीत आणि मला – ठेवा ती. ठेवा म्हणते ना काचेवर! मला नाही विकायची.

आणि जाताना दार ओढून घ्या.