नाव गोपनीय, फोटो मोठा

अबे मुक्या, थांब थांब, हेल्मेट मंग काढजो, आधी ऐक आज दुकानात काय झालं थे — नाई, मशीन नाई बिघडली, मशीन बिघडली असती त बरं झालं असतं — तुले आचल आठवते ना, पवनारची, आपल्यासंगं बारावीले होती? तवा आपण 'होता' म्हणत होतो, आता 'होती' म्हणाचं, मी अजूनही चुकतो, ती हसते — हं, तीच. घरी नाई माहीत. घरी ती अजून तानबाभाऊचा पोरगाच हाये. इथं कॉलेजात आली, तिले कोणी तरी सांगतलं का कोर्टानं केव्हाचं म्हणून ठेवलं हाये, माणूस सांगन मी कोण थेच खरं, अन् शिक्षणात सवलतही द्या — त बिचारीनं फॉर्म भरला. वरती ठसठशीत छापलेलं, 'माहिती गोपनीय'. फी माफ झाली, होस्टेलात एकटीले खोली भेटली. सगळं मस्त सुरू होतं बे, मस्त!

मंग कॉलेजात तपासणीवाले येणार असं झालं. सोमवारी. आता तपासणीवाल्याले काय दाखवाचं? 'समान संधी कक्ष' हाये, कक्षाले कुलूप हाये, अकरा जणांची कमिटी हाये, अन् संधी घेणारी सगळी मिळून एक — आचल. त कक्षाचे प्रमुख, बंडूजी सर, परवा आपल्या दुकानात आले. म्हणे पीयूष, दहा बाय आठचा फ्लेक्स पायजे, अभिनंदनाचा. आपल्याकडं कसं हाये, पोरगी दहावी पास झाली का फ्लेक्स, नगरसेवकाच्या कुत्र्याचा वाढदिवस असला का फ्लेक्स, थो त मीच डिझाइन केला होता, कुत्र्याले गॉगल लावून — त म्हटलं ठीक. मजकूर वाचला अन् माह्या हातचा माउस सुटला. 'हार्दिक अभिनंदन! आमच्या महाविद्यालयातील प्रथम तृतीयपंथी विद्यार्थी! नाव — गोपनीय. मुक्काम पोस्ट पवनार, बी.ए. भाग दोन.' अन् फोटो! अबे, फॉर्मवरचा फोटो! म्हटलं सर, हे गोपनीय होय ना? त म्हणे, अरे म्हणूनच त नाव नाई टाकलं. अन् डोळ्यावर काळी पट्टी टाक, म्हणे, कायद्यानं वागलं पायजे. 'गोपनीय' थे पिवळ्या अक्षरात घे, दुरून दिसन असं. लावाचा कुठं? नालवाडी चौकात.

आता तूच सांग, तानबाभाऊ रोज सकाळी वांगे-मेथीचं पोतं घेऊन पवनारच्या बसनं येते, खिडकीत बसते, अन् नालवाडी चौकात बस हळू होते. बापाले पोराची हनुवटी नाई ओळखू येणार? पट्टी डोळ्यावर होती बे, हनुवटीवर नाई. मी आचलले फोन लावला. ती रडली नाई, नुसती म्हणे, पीयूष, मी सरले बोलली. सर म्हणे, फोटो नाई त लाभार्थी नाई, लाभार्थी नाई त सवलत कोणाले देऊ? फोटो काढला त होस्टेल गेलं, ठेवला त घर गेलं. घरी एकदा माहीत पडलं का शिक्षण बंद, मेथीच्या वाफ्यात उभं करतीन. एवढं म्हणे अन् फोन ठेवला.

मंग मी — हास नको — फोटो बदलला. आता तू म्हणशील प्रूफमध्ये पकडला नाई का? अबे, आपल्या धंद्यातली गोष्ट सांगतो, प्रूफ पाठवलं का माणूस फक्त स्वतःचा फोटो पाह्यते! अकराच्या अकरा शुभेच्छुक! बंडूजी सरनं 'प्रा.'च्या समोर 'डॉ.' टाकाले लावलं. मनकर्णाबाई मॅडम म्हणे माह्या साडीचा रंग उडाला. एकाचा फोटो उपप्राचार्यापेक्षा मोठा झाला होता, त्याच्यावरून दीड तास फोनाफोनी! अन् मधात लाभार्थी कोण हाये हे कोणीच पाह्यलं नाई. ओके, ओके, ओके, अकरा अंगठे आले. छापला, लावला.

कोणाचा फोटो टाकला? माहा. — नाई, हाये ना, नेटवरचे ढीगभर फोटो हायेत माह्या कम्प्युटरमध्ये, नवरदेवाचे, डॉक्टरचे, गोऱ्या गोऱ्या पोरांचे. टाकता आला असता. घाईत नाई सुचलं. अन् गाव? गाव बदलणं भाग होतं, पवनार ठेवून कसं चालन — म्हणून नालवाडी टाकलं, आपलंच. केळझर टाकता आलं असतं, हो. केळझर सुचलं नाई. — सुचलं होतं. टाइपही केलं होतं. खोडलं.

पाह्य, तू असा पाहू नको माह्याकडं, चहा पी. आज सकाळी बस गेली, तानबाभाऊनं पाह्यलं, 'कोणाचा पोरगा होय बापा' म्हणे अन् तिकडं तोंड फिरवून मेथी सावरत बसला, आचल मुद्दाम त्याच बसनं आलती, तिनंच सांगतलं. काम झालं! पण आमचे बाबा चौकात गेलते. अन् तो मोतीलाल दूधवाला ओरडला, अण्णाजी, हा त तुमच्या पीयूषचा शर्ट होय, बहिणीच्या साक्षगंधात, साखरपुड्याले घातलेला! बाबा दहा वाजता दुकानात. मले वाटलं कानाखाली येते. त शांत. म्हणे, थो तू होय? म्हटलं, हो. म्हणे, मंग डोळ्यावर पट्टी काऊन लावली, चोरी केली का तुनं? मंग खाली पाहून म्हणे, अन् थे जे लिवलं हाये, थे खरं हाये का? मी म्हटलं, बाबा, गिऱ्हाईक हाये, संध्याकाळी सांगतो. दुकानात एक माणूस नव्हता, मुक्या. त्यायलेही दिसत होतं.

आता खोटं हाये म्हटलं, त तू बाबाले ओळखतो, उद्या सकाळी कॉलेजात जाऊन उभे राह्यतीन, माह्या पोराचा फोटो काऊन लावला म्हणतीन, फाइल उघडन, अन् फाइलीत आचल. खरं हाये म्हटलं, त — त पूर्ण खोटंही होत नाई. म्हंजे जे छापलं थे मी नाई, थे आचल हाये. मी दुसरं — पोरगाच हाये, पण मले पोरंच आवडते. माह्यासाठी त्यायच्या फॉर्मात चौकोनच नाई... दहावीपासून माहीत हाये मले. तुले सांगणारच होतो, सेवाग्रामले गेलतो ना आपण गाडीवर, तवाच, पण तू समोर पाहून गाडी चालवत होता.

सहाचे साडेसहा झाले. बाबा ओसरीत बसून हायेत, आईचा मेसेज आला, जेवले नाई म्हणे. मले जावं लागन. तू बोल ना काही — तू असता माह्या जागी, त काय सांगतलं असतं? ...मुक्या?