बांधावरचं आभाळ

(लातूर. औसा रस्त्यावरचं यज्ञेशचं ड्रोन दुरुस्तीचं दुकान. टेबलावर एक पंख मोडलेला करडा ड्रोन, शेजारी संगणक. समोर शेतातून थेट आलेली दामिनी.)

दामिनी: ‘पाखरू मारायचं नसतं, दामे. उडवायचं असतं.’ मचाणावरून अप्पा ओरडायचा. मी परकर खोचून गोफण फिरवायची आन् माझा धोंडा नेमका थव्याच्या मधी जायचा. त्याला ते आवडायचं न्हाई. अप्पा म्हंजे माझा बाप. शरणप्पा. जाऊन वरीस उलटलं, पण ज्वारी हुरड्यात आली की तो आवाज येतोच.

यज्ञेश: म्हणजे हा ड्रोन गोफणीनं पाडलात? मी इथं विजेच्या तारेत अडकलेले पाहिलेत, घारीनं झडप घातलेले पाहिलेत. एक तर नवरदेवाच्या फेट्यावर उतरला होता. गोफणीचा हा पहिलाच.

दामिनी: नेम अजून शाबूत हाय.

यज्ञेश: ते दिसतंय. पुढचा पंख मुळातून गेलाय. पण पोट शाबूत आहे, आणि नोंदी पोटात असतात. नव्या यंत्रांची कुलपं उघडत नाहीत, मालकाचा फोन लागतो. हा जुना, म्हणून निघाल्या. हे बघा, प्रत्येक उड्डाण वेगळं. कुठून उठला, किती उंच गेला, कुठं थांबला, कुठं उतरला.

दामिनी: मला तेवढंच पायजे. बाईमाणूस शेतात एकटी राहते आन् सोमवारच्या सोमवारी डोक्यावर हे घोंघावतंय. ठाण्यात गेले तर तिथला एक जण म्हणला, बाई, आभाळावर गुन्हा कसा लिहू, कुणाचं हाय ते घेऊन या. आले घेऊन.

यज्ञेश: यात नाव नसतं, ताई. जागा असते. हा हिरवा ठिपका बघा, दर वेळी इथूनच उठलाय. नकाशा मोठा करतो. ओळखता जागा?

दामिनी: पाणंद हाय ती. माझ्या बांधाला लागून. बोरीचं झाड हाय तिथं.

यज्ञेश: बांधाच्या आतून एकदाही उठलेला नाही. बांधावरसुद्धा नाही. बाहेर उभं राहायचं, उडवायचं, बाहेरच उतरवायचं. उडवणारा फार जपून वागलाय.

दामिनी: जपून न्हाई. भिऊन.

यज्ञेश: तुम्हाला माहीत आहे तो कोण.

दामिनी: माझा भाऊ. महांतेश. औशाला मास्तर हाय. शाळेच्या गॅदरिंगचं शूटिंग करायला म्हणून कुणाकडून तरी वापरलेलं घेतलं हुतं हे.

यज्ञेश: मग माझ्याकडं कशाला आलात? सरळ नाव सांगायचं.

दामिनी: बहिणीचं तोंड म्हंजे भांडण. कागद म्हंजे पुरावा.

यज्ञेश: केलं काय त्यांनी तुमचं?

दामिनी: अप्पा गेला तवा मी नांदेडला, सासरी. कळलं तशी निघाले. अहमदपूरच्या पुढं एसटी बंद पडली. दादाला फोन लावला, म्हणलं येते, थांबा, तोंड बघू द्या. ये म्हणला. मग जीप काय, उसाचा ट्रॅक्टर काय, जे मिळंल त्यावर बसत आले. पोचले तर शेतात माती सारखी केलेली. वर फुलं. आमच्यात बसवून पुरतात, तुम्हाला मालूम असंल. बाप मातीखाली बसलेला आन् मी वर उभी.

यज्ञेश: थांबले नाहीत?

दामिनी: जाणती माणसं म्हणली, दिवस बुडायच्या आत उरकू. भावकी म्हणली, किती वाट बघायची. आन् दादानं मान हलवली. नुस्ती मान. एकदा ‘थांबा’ म्हणला असता तर कुणाची हिंमत नव्हती. थोरला ल्योक त्यो.

यज्ञेश: आणि शेत?

दामिनी: अप्पानं हयातीतच वाटण्या केलेल्या. समाधीचा तुकडा माझ्या वाटणीत. नवऱ्याची नोकरी नांदेडला, तो तिथं राहिला. मी इथं आले, शेतात शेड टाकलं. भावकी बसवली आन् सगळ्यांच्या देखत दादाला सांगितलं, तू मला तोंड बघू दिलं न्हाईस, मी तुला माती बघू देणार न्हाई. या बांधाच्या आत पाय ठेवायचा न्हाई. त्यानं तवाबी मान हलवली.

यज्ञेश: आणि पाय ठेवला नाही.

दामिनी: चूक माझीच. मी पाय म्हणले. आभाळ म्हणायचं राहिलं.

यज्ञेश: थांबा जरा, फोन वाजतोय. राहू दे. नंतर बघतो. ताई, हे बघा आता. कॅमेरा कुठं वळला होता तेही यात उतरतं. तुमचं शेड इकडं, विहीर इकडं. तिकडं तो एकदाही वळलेला नाही. दर वेळी एकाच जागेवर येतो, माणसाच्या उंचीपर्यंत खाली उतरतो, आणि कॅमेरा सरळ जमिनीकडं. तिथं समाधी आहे का?

दामिनी: हाय.

यज्ञेश: अजून एक. समाधीकडं जाताना चारी मोटरी जोर लावतात. परत फिरताना तेवढा लागत नाही. एखाद दिवस असता तर वारा म्हटलं असतं. पण दर वेळचं तेच. काहीतरी लटकवून न्यायचे, तिथं सोडायचे, आणि हलकं होऊन परत.

दामिनी: बेल.

यज्ञेश: काय?

दामिनी: बेलाची जुडी. दोऱ्यानं बांधलेली. आमच्या शिवारात बेलाचं झाड न्हाई. त्याच्या शाळेमागं हाय.

यज्ञेश: म्हणजे तुम्हाला तेही ठाऊक होतं. काय करायचात त्याचं?

दामिनी: बेल तुडवू नये. म्हणून उचलायची आन् पाणंदीत फेकायची. बोरीखाली. त्याचं त्याला.

यज्ञेश: ते परत येऊन बघत असतील.

दामिनी: बघावं. म्हणून तर तिथं फेकायची. आता कागद काढा. पण सगळं नको. कुठून उठला, माझ्या शेतावर कितीदा आला, बास. कॅमेऱ्याचं लिहू नका. ओझ्याचं लिहू नका.

यज्ञेश: म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं, एकट्या बाईवर नजर ठेवून होता.

दामिनी: मी खोटं लिहा म्हणत न्हाई. खरंच लिहा. अर्धं लिहा.

यज्ञेश: शिक्षक आहेत ते. असा कागद ठाण्यात गेला की शाळेत पोचायला वेळ लागत नाही. नोकरीचं सोडा, औशाच्या बाजारात तोंड दाखवता येणार नाही त्यांना.

दामिनी: तेच पायजे. तोंड. मलाबी बघाय मिळालं न्हाई.

यज्ञेश: माझी आई शिक्षिका होती. अर्धं उत्तर लिहिलं की अर्धे गुण द्यायची. तुमच्या या कागदाला अर्ध्या उत्तराचे पुरे गुण मिळतील, ताई. म्हणून लिहायला हात धजत नाही.

दामिनी: तुमची आई शाळेत शिकवायची, माझी जात्यावर शिकवायची. भावाच्या ओव्या. ‘बांधाच्या बोरीखाली, वाट पाहते कवाची. दिवस बुडला बुडू दे, गाडी येईल भावाची.’ ऐकलं का? दिवस बुडला तरी वाट बघायची. कुणी? बहिणीनं. भावानं थांबायचं असं एका ओवीत न्हाई. बरं झालं, आता गिरणीतून दळून आणते. काढा कागद.

यज्ञेश: काढतो. आधी शेवटचं उड्डाण बघू द्या, पाडलेल्या दिवसाचं. हा निघाला. बांध ओलांडला. मोटरींवर जोर आहे, म्हणजे बेल आहे. आणि इथं तुमचा धोंडा. समाधी अजून पुढं होती. तिथपर्यंत पोचलाच नाही तो. त्या दिवशीचा बेल सुटलाच नाही, ताई. ड्रोनबरोबर खाली आला असणार. कुठं गेला?

दामिनी: मला काय मालूम. वाऱ्यानं गेला असंल.

यज्ञेश: ज्वारीच्या उभ्या पिकात?

दामिनी: तुम्ही यंत्र बघा. पानं मोजू नका.

यज्ञेश: विचारतो त्याला कारण आहे. मघाचा फोन औशाच्या एका गुरुजींचा होता. रोज करतात. करडा ड्रोन कुणी दुरुस्तीला आणला का? मी म्हटलं, आला तर पाडणाऱ्याकडून भरपाई किती घ्यायची ते बोलू. तर म्हणाले, यंत्र नको मला. शेवटच्या फेरीचं एक विचारायचंय, नोंद वाचता येते ना? मी म्हटलं, आधी येऊ तर द्या. तुम्ही भावाचं नाव घेतलंत तेव्हा ट्यूब पेटली डोक्यात.

दामिनी: रोज करतो?

यज्ञेश: रोज.

दामिनी: लावा मग. आत्ता लावा. मोठ्यानं ऐकू येईल असं ठेवा. मी पाडलं, ठरवून पाडलं, आत कुणाचा जीव अडकलाय ते मालूम असून पाडलं, हे त्याला माझ्या तोंडून कळू द्या. कागद मागनं जाईल. आधी हे जाऊ द्या.

यज्ञेश: नक्की?

दामिनी: वरीसभर शब्द साठवलेत. लावा.

यज्ञेश: हॅलो, गुरुजी, लातूरहून यज्ञेश. ड्रोन आलाय. आणणारं माणूस इथंच…

महांतेश: नाव सांगू नका. कसा पडला ते मला कळलंय. तसा नेम आमच्या घरात एकाच हाताला आहे. अप्पांनी शिकवलेला. उचलताना पाती हाताला तर नाही ना लागली?

यज्ञेश: नाही. हात ठीक आहे. तुम्हाला काही विचारायचं होतं.

महांतेश: हो. म्हटलं तर फार किरकोळ आहे. त्या सोमवारी मी पाणंदीत उभा होतो. पडदा एकदम काळा झाला. यंत्राला बेलाची जुडी बांधली होती, ती सुटली की नाही ते मला दिसलंच नाही. तुमच्या नोंदीत कळतं का हो? तो एक बेल अप्पांना पोचला का, तेवढंच सांगा. आता पुन्हा उडवणार नाही मी. ती म्हणाली होती, माती बघू देणार नाही. मी वरून चोरून बघत होतो, ती चोरीच झाली. ज्या दिवशी ‘थांबा’ म्हणायचं होतं त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही माझ्या. आता कुणाला काय म्हणू.

यज्ञेश: गुरुजी, नोंदीत असं दिसतंय की…

दामिनी: मी पाडलं.

महांतेश: दामे?

दामिनी: नेम धरून पाडलं. तू हायेस हे मालूम असून.

महांतेश: बरं केलंस.

दामिनी: बरं केलं म्हणू नको. मान हलवू नको, मला इथून दिसतीय.

महांतेश: नाही हलवत.

दामिनी: ज्वारीच्या ताटांत पडलं. दोरा तुटला, पानं सगळी पसरली. हाताला लागली तेवढी फेकायलाच गेले हुते पाणंदीत. बोरीखाली तू उभा नव्हतास, नुस्त्या तुझ्या चपलांच्या खुणा. सगळ्या बाहेरच्या बाजूला. मग माघारी येऊन ज्वारीतलं एकेक पान वाकून वेचलं. पोचला, दादा. तुझंच नाव घेऊन वाहिला.