झिसिसच्या कानात काय सांगितले

जबाब देणार: पागोना, कै. लाम्ब्रोस गाकी यांची पत्नी. वय ७४. धंदा: घरकाम, थोड्या शेळ्या आणि अक्रोडाची झाडे. शिक्षण: गावच्या शाळेत चौथीपर्यंत. राहणार: मौजे अखलादिया, वरची आळी, देवळामागे.

मी वर नाव लिहिलेली बाई आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून, विचारल्यावरून खालीलप्रमाणे सांगते.

तक्रार माझ्यावरच असल्यामुळे मी शपथ घेण्याची गरज नाही, असे ठाणे अंमलदार वायोस यांनी मला समजावले. मी तरीही बायबलवर हात ठेवला. ग्रंथ टेबलावर होताच, आणि मला लपवण्यासारखे काही नाही.

तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. ती कै. झिसिस बालातोस यांची मुलगी एव्हान्थी, राहणार अथेन्स, हिने दिली आहे. मी नजर उतरवण्याच्या निमित्ताने तिच्या वडिलांना घरी बोलावत असे, त्यांच्या कानात काहीबाही सांगून हॉस्पिटलची औषधे बंद करायला लावली, आणि त्यामुळे ते लवकर गेले, असे तिचे म्हणणे आहे. यापुढे मला नजर उतरवण्यास मनाई करावी, अशी तिची मागणी आहे. एव्हान्थीला मी तिच्या बाप्तिस्म्यापासून ओळखते. ती खोटे बोलणाऱ्यातली नाही. जे दिसले ते तिने सांगितले, पण तिला ते दारातून दिसले.

मी वैद्यकीचा धंदा करते काय, असे विचारल्यावरून सांगते की नाही. मी नजर उतरवते. बशीत पाणी, त्यात दिव्यातल्या तेलाचा थेंब, आणि सासऱ्यांनी दिलेले शब्द. नजर असेल तर तेल पसरून दिसेनासे होते आणि मला जांभया येतात. नसेल तर थेंब तसाच गोल राहतो. पैसे घेत नाही. कोणी आभारही मानायचे नसतात, मानले तर केलेले सगळे वाया जाते. डोके दुखणारे मूल आणले तर मी आधी ताप बघते. ताप असला तर खाली दवाखान्यात पाठवते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मिर्तो यांना विचारून खात्री करावी.

ते शब्द बाईने पुरुषाला द्यायचे आणि पुरुषाने बाईला. बाईने बाईला दिले तर मुके होतात. सासऱ्यांना त्यांच्या आईने दिले, मला सासऱ्यांनी. लिहायचे नाहीत. आणि एकदा दिले की देणाऱ्याचा हात रिकामा होतो, मग त्याने कितीही तेल ओतले तरी ते नुसते तेल. मला ते मुलाला द्यायचे होते. तो मेलबर्नला असतो आणि विषय काढला की हसतो.

शास्त्र काय म्हणते हे मला ठाऊक आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की ठाऊक आहे. मिर्तोबाई माझ्याकडे कॉफीला येतात. त्या म्हणाल्या, बोट गरम असले तर तेल तसे वागते, बशीला साबण राहिला तरी वागते. असेलही. देवाला यायचे तर कशातून तरी यावे लागते, आणि त्याला गरम बोट चालत नाही असे कुठे लिहिले आहे? जांभईचे त्या म्हणाल्या की ती एकाची दुसऱ्याला लागते. मी म्हटले, म्हणजे मध्ये काही नसताना एकाचे दुसऱ्याला लागते हे तुम्हीही मानता, मग मी वेगळे काय सांगते? त्या हसल्या आणि कप पुढे केला. आमचे यावरून भांडण नाही. माझे भांडण एवढेच की माणसाच्या आतले फोटो काढतात आणि ते त्याला सोडून सगळ्यांना दाखवतात.

कै. झिसिस निवृत्त होईपर्यंत आमच्या गावची बस चालवत होता. माझ्या घराखालच्या वळणावर तो भोंगा वाजवायचा. वळण अवघड आहे म्हणून वाजवायचा. परत येताना वळण तेच असते, पण तेव्हा दोनदा वाजवायचा. त्याचे माझे नाते काय, असे विचारल्यावरून सांगते की नाते काही नव्हते. त्याची बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती, माझा लाम्ब्रोसही. नाते काही नव्हते, असेच लिहावे.

गेल्या साली अक्रोड उतरवून झाले तेव्हापासून झिसिस वाळायला लागला. एव्हान्थीने त्याला शहरातल्या हॉस्पिटलात नेले. तिथे पोटात जे निघाले त्याचे आमच्याकडे नाव घेत नाहीत, ‘लांब राहो ते’ म्हणतात आणि थुंकतात. एव्हान्थीने डॉक्टरांना हात जोडले की बाबांना कळू देऊ नका, ते खचतील. आमच्याकडे असेच करतात. डॉक्टरही मान डोलावतात. झिसिसला अल्सर सांगितला. सुईतून औषध दिले, डोक्यावरचे केस गेले, तरी अल्सरच. गावात सगळ्यांना माहीत होते. कॉफीच्या दुकानात पत्ते खेळणारे त्याला मुद्दाम जिंकू देऊ लागले. झिसिसला जन्मात पत्ते जिंकता आले नव्हते.

नाताळानंतर एका सकाळी तो आपणहून माझ्याकडे आला. मी बोलावले नव्हते. म्हणाला, “बघ गं जरा. कुणाची तरी नजर लागलीय मला. रोज जिंकतोय, जळत असतील लेकाचे.”

मी बशी मांडली. थेंब तसाच राहिला. दुसरी बशी घे म्हणाला, ती घेतली. तिच्यातही थेंब गोलच राहिला, आणि मला जांभई आली नाही. मी सांगितले की नजर नाही.

“नजर असती तर बरं झालं असतं,” तो म्हणाला. “मग हे काय आहे, पागोना? अल्सरनं केस जातात?”

मी म्हटले, डॉक्टरांना विचार.

“डॉक्टरांना विचारलं की ते एव्हान्थीकडे बघतात. एव्हान्थीला विचारलं की ती भांडी घासायला लागते. तुला विचारतोय, कारण तू तेलासमोर खोटं बोलत नाहीस.”

बशी समोर होती. मी त्याला सांगितले. ‘लांब राहो ते’ न म्हणता, रोगाचे नाव घेऊन सांगितले. कानात नाही, टेबलापलीकडे बसून आणि चांगले मोठ्याने, कारण त्याचा इंजिनाच्या बाजूचा कान कधीच गेलेला होता. रोग त्याला मी दिला नाही आणि काढूही शकत नव्हते. त्याचे त्याला परत दिले, एवढेच. पुन्हा विचारले असते तर पुन्हा सांगितले असते.

“गावात कुणाकुणाला माहीत आहे?” त्याने विचारले.

“कोंबड्या सोडून सगळ्यांना.”

“म्हणजे ते पत्ते...”

मी हो म्हटले. त्याला हसू आले, मग रडू आले. मग मी ताकात शिजवलेली गव्हाची पेज गरम केली आणि तो पोटभर जेवला. तसा तो कित्येक दिवसांत जेवला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तो एकटा बसने हॉस्पिटलात गेला, डॉक्टरांच्या खोलीचे दार लावून घेतले आणि सरळ विचारले. डॉक्टरांनीही सरळ सांगितले. औषध घेतलेस तर बहुधा अंजिरे पिकेपर्यंत, नाही घेतलेस तर बहुधा ईस्टरपर्यंत, आणि ठरवायचे तू. डॉक्टर भला माणूस होता, खरे सांगितल्यावर त्याच्याच डोक्यावरचे ओझे उतरल्यासारखे दिसले, असे झिसिस मला म्हणाला. म्हणून डॉक्टरांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही.

औषध घेऊ नको असे मी कधीही म्हटले नाही. उलट घे म्हटले. हे ठळक लिहावे. माझ्या दारातल्या झाडाकडे बोट करून मी म्हटले, अंजिरे पिकेपर्यंत तरी थांब. तो म्हणाला, “अंजिरं मला कधीच आवडली नाहीत.”

मग तू एव्हान्थीला कसे सांगणार, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, सांगणार नाही. मला माहीत नाही असे तिला वाटते, तेवढ्याच आधारावर पोर उभी आहे, तो कशाला काढून घेऊ? औषध बंद केल्याचे मात्र तिला कळणारच होते. त्यावर त्याने जे ठरवले ते असे.

“तिला सांगतो, पागोना म्हणते औषध नको, तेल पुरे. मी गेल्यावर तिला कुणावर तरी चिडायला लागेल. स्वतःवर चिडेल नाहीतर. तुझ्यावर चिडू दे. चालेल?”

मी म्हटले, चालेल. माझी कातडी जाड आहे.

एव्हान्थीने टेलिफोनवर वडिलांच्या तोंडून जे ऐकले ते हे. तिने ऐकले ते बरोबर आहे. मी तसे म्हटले नव्हते एवढेच.

त्यानंतर तो रोज यायचा. नजर नसताना मी शब्द का म्हणत होते, असे विचारल्यावरून सांगते की त्याला भीती वाटत असे. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून शब्द म्हणायची. केस नव्हते, त्यामुळे हाताला त्याचे डोके गरम लागायचे. मिर्तोबाई म्हणतील की नुसता हात ठेवला असतास तरी चालले असते. असेल. पण नुसता हात ठेवायला माझे त्याचे नाते नव्हते.

तो शेवटचा आला तेव्हा एव्हान्थी त्याला धरून घेऊन आली होती आणि दारात उभी राहिली. आत ये म्हटले, आली नाही. मी त्याच्यावर वाकले होते आणि तोंड त्याच्या कानाजवळ होते. शब्द मनातच म्हणायचे असतात, नुसते ओठ हलतात. कानही तो इंजिनाच्या बाजूचा होता. उठताना झिसिस म्हणाला, “उपकार झाले गं.” मी त्याला रागावले, की असे म्हटले की सगळे बिघडते हे तुला माहीत आहे. तो म्हणाला, “आता बिघडायचं काय राहिलंय?” ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तो गेला. वरच्या आळीतून खाली नेताना वळणावर गाडीवाल्याने भोंगा वाजवला नाही. मी अंगणात उभी होते.

कानात कोणते शब्द म्हटले ते लिहून द्यावेत, त्यांत औषधाचा उल्लेख आहे की नाही ते तपासता येईल, असे अंमलदारांनी सांगितले. मी नकार दिला. लिहिता येत नाहीत.

इथे लिहून घ्यावे की जबाब सुरू झाल्यापासून मला सारख्या जांभया येत आहेत. बाहेर बाकावर एव्हान्थी बसली आहे. मी येताना ती कपाळ धरून बसली होती. माझ्या सांगण्यावरून अंमलदारांनी बाहेर जाऊन विचारले. वडिलांना पुरले तेव्हापासून डोके दुखते आहे आणि गोळ्यांनी राहत नाही, असे ती म्हणाली. तिच्या डोक्याला मी हात लावू शकत नाही, ती तक्रारदार आहे. आणि शब्द तिला सांगू शकत नाही, ती बाई आहे.

झिसिसने एव्हान्थीपासून लपवलेली वरची हकीकत मी सांगणार नव्हते. पण झिसिसने मला ती सांगू नको असे म्हटले नव्हते. चालेल का, एवढेच विचारले होते. चालले असते, ती घरी जाऊन धडपणे झोपत असती तर. ती झोपत नाही.

म्हणून मी अंमलदारांना विचारले, “वायोस, तू पुरुष आहेस ना?”

ते म्हणाले, “मावशी, हे जबाबात लिहू का?”

मी म्हटले, लिही, आणि मग पेन खाली ठेव.

लेखन थोडा वेळ थांबवण्यात आले.

लेखन पुन्हा सुरू. मी शब्द अंमलदार वायोस यांच्या कानात सांगितले आणि त्यांनी ते पाठ होईपर्यंत मला म्हणून दाखवले. त्यांत औषधाचा उल्लेख नाही, याची त्यांनी स्वतः खात्री केली आहे. एव्हान्थीने मागितले तर त्यांनी ते तिला द्यावेत, पुरुषाकडून बाईकडे, रीतीने. ती देवाला मानत नाही असे तिने मला मागे सांगितले होते. त्याने अडत नाही. आजपासून माझा हात रिकामा आहे आणि मी नजर उतरवू शकत नाही, त्यामुळे मला मनाई करण्याची तक्रारीतली मागणी पुरी झाली, असे समजावे. वायोस आभार मानायला तोंड उघडत होते. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. हा सरकारी कामात अडथळा होत असेल तर तसे नोंदवावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. वाचताना दार उघडे ठेवावे अशी विनंती मी केली, ती मान्य झाली. अंजिरांपाशी अंमलदार थांबले. मी म्हटले, पुढे वाच. वाचून होईपर्यंत एव्हान्थी बाकावरून उठून दारात आली होती. या वेळी ती आत आली. ती म्हणाली, “बाबांना अंजिरं फार आवडायची, मावशी.” मला माहीत आहे, असे मी म्हटले.

हेही शेवटी लिहून घेतले. बाकी सगळे मी बोलले तसेच उतरले आहे आणि ते खरे आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) पागोना गाकी
समक्ष: वायोस, ठाणे अंमलदार