उंदीर कुणाच्या घरचा?

...मी म्हणते, अख्ख्या कमरीपेठेत त्या उंदराला मरायला माझंच स्वयंपाकघर सापडावं? आणि तेही कधी, तर माझ्या सुमनच्या उष्टावणादिवशी! पाच महिन्यांची माझी पोर, पहिल्यांदा खीर चाटायची, धारवाडहून वन्सं यायच्या, पुरण शिजत घातलेलं, आणि जात्यामागं बघते तर काय... हा आडवा! पाय वर करून! प्लेगाच्या दिवसांत घरात उंदीर पडला म्हणजे काय, हे तुम्हांला मी काय सांगू? म्युनिसिपालटीत वर्दी द्यायची, की आलीच माणसं, कौलं काढणार, घरभर औषध शिंपडणार, आणि आपण बोचकी घेऊन गावाबाहेर, माळावरच्या झोपड्यांत! कसलं उष्टावण नि कसलं काय!

आता तुम्ही म्हणाल, बाईला नियम ठाऊक नसेल. ठाऊक नसेल? अहो, आठच दिवसांपूर्वी घरोघर नियमांचे छापील कागद वाटले, तेव्हा इन्स्पेक्टर शेषगिरीराव मलाच म्हणाले, "गल्लीत वाचता येणाऱ्या तुम्ही एकट्या, बायकांना तुम्हीच समजावून सांगा." मग काय विचारता! ओट्यावर उभी राहिले, पदर खोचला, "उंदीर पडला तर हात लावू नका! लपवू तर मुळीच नका! उंदीर मेला की त्याच्या पिसवा माणसांवर येतात!" शेजारच्या अंबूताई तोंडाचा आ करून ऐकत होत्या. सातवी शिकलेली बाई मी! कळत नव्हतं होय मला? कळत होतं!

पण तुम्हांला सांगते, वन्संचा टांगा आत्ता येईल की मग येईल, आणि वन्संचं तोंड... "वैनी, उंदीर पाळलायस वाटतं?" म्हणून धारवाडभर सांगत फिरतील! सांडशी घेतली, त्याला शेपटीला धरलं, हाताशी आला तो कागद गुंडाळला, डोळे मिटले आणि परसातल्या भिंतीवरून दिला भिरकावून. पलीकडं नाला आहे, असं मनाला सांगितलं. नाला पुढं आहे हो! भिंतीपलीकडं अंबूताईंचं अंगण आहे, त्याच भिंतीवरून रोज विरजण मागते मी. सातवी शिकलेली बाई! ठाऊक नव्हतं होय मला? ठाऊक होतं!

हात धुतले, कुंकू सारखं केलं, वन्सं आल्या, पोरीनं खीर चाटून तोंड वाकडं केलं, सगळे हसले, मीसुद्धा हसले... आणि पलीकडून अंबूताईंचा आवाज, "कुणी शिवू नका! लपवू नका! म्युनिसिपालटीत वर्दी द्या!" शब्द न् शब्द माझा! अक्षर येत नाही त्या बाईला, पण सगळं तोंडपाठ!

शेषगिरीराव आले. काठीनं कागद उलगडला. तर कागद कुठला? तोच, नियमांचा! वर ठळक अक्षरांत 'लपवू नका', आणि आत उंदीर! "यार मन्याग बित्तु? कुणाच्या घरात पडला हा?" आणि माझ्याकडं वळून म्हणतात, "बघा बाई, तुम्ही एवढं घसा फोडून सांगितलंत, पण अडाणी माणसं! कागदाचा उपयोग काय केला बघा!" मी मान हलवली. हो हो, अडाणीच...

आणि अंबूताई काय म्हणाल्या? "असू द्या रावसाहेब, आमच्या अंगणात पडला, तो आमचाच." लागल्या की भांडी बांधायला! वर मला म्हणतात, "तू वाचून दाखवलंस म्हणून माझी माणसं वाचली गं अक्का. पोरीला जप हां."

पोरीला जप! त्यांची कौलं निघताहेत, घर धुतलं जातंय, आणि पिसवा आहेत माझ्या जात्यामागं, माझ्या बंद घरात, पाळण्यापासून चार हातांवर! आत पळाले, पोरीच्या काखा चाचपल्या, जांघा चाचपल्या, गाठ आहे का, गाठ आहे का... तिला वाटलं गुदगुल्या! मी रडतेय नि ती खिदळतेय! तिला तशीच उचलली, गल्लीत आले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "रावसाहेब, उंदीर माझा! मी टाकला!"

काय सांगू तुम्हांला, वन्संच्या हातात पोळी तशीच. शेषगिरीराव म्हणाले, "तुमचा? म्हणजे... तुम्ही? वाचता येणाऱ्या?" शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अंबूताईंनी बोचक्याची गाठ हळूच सोडली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, आधी हाक तरी मारायचीस. उष्टावण माझ्याकडं केलं असतं." मेले मी तिथंच!

शेजारची घरंही रिकामी करतातच म्हणे, तेव्हा आता माळावर आमची झोपडी नि अंबूताईंची झोपडी शेजारी शेजारी. सगळ्यांनी टोचून घेतलं. पोर ठणठणीत आहे, देवाची दया. पण इथं कुणाचा तांब्या हरवू दे, कुणाची चप्पल हरवू दे, सगळ्या बायका एका सुरात, "अंबूताईंच्या झोपडीमागं बघा गं आधी!" परवा माझाच कलथा सापडेना... तर मुकाट्यानं पहिल्यांदा तिकडंच बघायला गेले.